प्रवाळाचा घरसंसार

पोंवळें ही वस्तु महाराष्ट्रांतील घरांना परकी नाहीं. नवरत्नांत त्याची गणना होते, मंगळ ग्रहाचें रत्न म्हणून तें आंगठींत बसविलें जातें, आणि जुन्या चालीच्या दागिन्यांत मोत्यांच्या शेजारीं त्याचे लाल मणी ओंवलेले आढळतात. समुद्रापासून दूर, कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या मधल्या काळ्या रानांत वसलेल्या इस्लामपुरासारख्या गांवींहि सोनाराच्या पेटींत पोंवळें सांपडावयाचेंच. परंतु हा मणी म्हणजे जिवंत प्राण्यांनीं घडविलेला सांगाडा होय, आणि ते प्राणी कधीं काळीं समुद्राच्या अंधुक पाण्यांत आपले इवलेसे हात पसरून भक्ष्य धरीत होते, ही गोष्ट तो मणी गळ्यांत घालणारांपैकीं थोड्यांच्याच ध्यानांत असते.

शहाण्या जगालाहि ही गोष्ट कळावयास फार काळ लागला. ती कळल्यावरहि असा जीव जिवंत स्थितींत घरांत सांभाळतां येईल काय, या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास आणखी शंभर वर्षें जावीं लागलीं. तें उत्तर प्रथम मिळालें तें लंडन शहरांतील एका गृहिणीच्या दिवाणखान्यांत. तिची कथा, आणि त्या कथेंतून निघून कोंकणच्या किनाऱ्यापर्यंत पोंचणारी जबाबदारी, हा या भाषणाचा विषय आहे.

तांबडें पोंवळें मूळचें भूमध्य समुद्रांतलें. तेथील किनाऱ्यालगतच्या कपारींत, गुहांच्या छतांना आणि खोल कड्यांना तें झाडाच्या डहाळीप्रमाणें लटकून वाढतें. हिंदुस्थानच्या मोत्यांचें रोमन स्त्रियांना जितकें वेड, तितकेंच हिंदुस्थानांतील पुरुषांना पोंवळ्यांचें, असा अभिप्राय रोमन ग्रंथकार प्लिनी यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत नमूद करून ठेविला आहे. हा व्यापार पुढेंहि दीर्घ काळ चालला. अठराव्या शतकांत इटलींतील लिव्होर्नो बंदराचे यहुदी व्यापारी पोंवळ्यांच्या पेट्या लिस्बनच्या वाटेनें गोव्यास धाडीत, आणि गोव्यांतील कामत घराण्यासारखे सारस्वत व्यापारी त्यांच्या मोबदल्यांत हिरे पाठवीत. एकमेकांचें तोंडहि न पाहिलेल्या, भिन्न धर्माच्या आणि भिन्न भाषेच्या या माणसांचा व्यवहार केवळ पत्रांवर आणि दिल्या शब्दावर चाले.

मात्र पेट्या पाठविणाराला काय किंवा घेणाराला काय, पोंवळें ही वनस्पति कीं पाषाण, याचा उलगडा झालेला नव्हता. युरोपांतील पंडितांचा कल वनस्पतीकडे होता. १७०६ च्या सुमारास लुइजी मार्सिली नांवाच्या इटालियन सरदारानें समुद्रांतून नुकतेंच काढलेलें पोंवळें पाण्याच्या भांड्यांत ठेविलें, तों त्याच्या डहाळ्यांवर आठ पाकळ्यांचीं पांढरीं फुलें उमललेलीं त्याला दिसलीं. फुलें दिसलीं, तेव्हां वनस्पति ठरलीच, असें सर्वांनीं मानलें. पुढें सुमारें वीस वर्षांनीं मार्सेय शहराचा वैद्य झां-आंद्रे पेसोनेल यानें उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तींच फुलें अधिक धीरानें न्याहाळलीं. धक्का लागतांच तीं मिटत, पाणी शांत झालें म्हणजे पुन्हां उघडत, आणि कुजूं लागलीं म्हणजे त्यांना प्राण्याच्या मांसासारखी दुर्गंधि येई. हें फूल नसून प्राणी आहे, असा निर्णय त्यानें दिला. पॅरिसच्या विज्ञान-परिषदेपुढें तो मांडण्याचें काम रेओम्यूर या थोर पंडिताकडे आलें. परंतु कल्पना त्याला इतकी विलक्षण वाटली कीं, संशोधकाची अब्रू राहावी म्हणून त्यानें त्याचें नांवच गाळलें! १७४० नंतर गोड्या पाण्यांतील हायड्रा या जीवावर आब्राम त्रांब्ले यानें केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले, तेव्हां कोठें रेओम्यूरनें आपलें मत फिरविलें. ज्या भांडेंभर पाण्यानें मार्सिलीला चकविलें, त्याच प्रकारच्या भांडेंभर पाण्यानें पेसोनेलला सत्य दाखविलें. फरक होता तो पाहणाराच्या धीराचा.

येथें एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. दागिन्यांतल्या तांबड्या पोंवळ्याचा गोतावळा निराळा आणि समुद्रांत खडकच्या खडक उभारणाऱ्या पाषाणी प्रवाळाचा निराळा. पहिल्याच्या जीवाला आठ हात असतात. दुसऱ्याच्या हातांची गणती सहाच्या पटीनें होते. पाषाणी प्रवाळाचा एकेक जीव म्हणजे एक मांसल पिशवी. वर तोंड, तोंडाभोंवतीं दंश करणारे हात, आणि खालीं समुद्राच्या पाण्यांतील चुना वेगळा काढून त्यानें स्वतःच रचलेली दगडी वाटी. धोक्याची चाहूल लागली म्हणजे तो आंग आखडून त्या वाटींत दडून बसतो. कित्येक जाती एकेकट्या राहतात. कित्येकांत एकापासून दुसरा फुटून हजारों जीवांची एकच वसाहत होते, आणि पिढ्यांमागून पिढ्यांच्या रिकाम्या वाट्यांचे थर सांचून त्यांवर बेटें उभीं राहतात. चार्ल्स डार्विन यानें १८४२ सालीं या रचनांवर ग्रंथ लिहिला, त्यानें सुशिक्षितांचें लक्ष या जीवाकडे नव्यानें वेधलें.

त्यानंतर चार वर्षांनीं, १८४६ च्या शरद् ऋतूंत, लेडी ॲना थिन या बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गांवीं गेल्या होत्या. त्यांचे पति लॉर्ड जॉन थिन हे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या प्रख्यात प्रार्थनामंदिरांतील उच्च पदस्थ धर्माधिकारी, आणि बिऱ्हाड त्या मंदिराच्या आवारांतच. थिनबाईंना खडक, जीवाश्म आणि सृष्टिज्ञान यांची आवड होती. टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना एकेकट्या राहणाऱ्या पाषाणी प्रवाळाची एक जात आढळली आणि तिच्यावर त्यांचें मन बसलें. हीं प्रवाळें जिवंत घरीं न्यावयाचीं, असें त्यांनीं ठरविलें. समुद्राच्या पाण्यानें भरलेला एक दगडी बुधला घेतला. वाटेंत हिंदकळून प्रवाळें एकमेकांवर आपटूं नयेत म्हणून सुई-दोऱ्यानें तीं एका मोठ्या स्पंजाला टांचून टाकिलीं, आणि तो बुधला लंडनला आणिला. गृहिणीच्या शिवणाच्या पेटींतील ही युक्ति कोणा प्राध्यापकाला सुचली असती कीं नाहीं, याची शंकाच आहे.

लंडनला आल्यावर प्रवाळें काचेच्या भांड्यांत ठेविलीं. पण खरी अडचण आतां पुढें होती. भांड्यांतील पाणी थोड्याच काळांत निर्जीव होई, आणि समुद्र तर फार दूर. प्रत्येक वेळीं ताजें पाणी मागवावें तर तें वेळेवर येईलच असा भरंवसा नाहीं. तेव्हां थिनबाईंनीं एक साधा उपाय योजिला. उघड्या खिडकीसमोर उभें राहून हें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून पहिल्यांत, अर्धा ते पाऊण तासपर्यंत उंचावरून ओतीत राहावयाचें. चहा निवविण्यासाठीं आपल्याकडे जी क्रिया करितात तीच ही. तिच्यामुळें हवेंतील प्राणवायु पाण्यांत मिसळे आणि सांचलेला दूषित वायु निघून जाई. हें कंटाळवाणें काम घरांतील एक लहान मोलकरीण करी, आणि तें तिला खेळासारखें वाटे. विज्ञानाच्या इतिहासांत त्या मुलीचें नांव आलेलें नाहीं. पण लंडनच्या त्या घरांत समुद्रजीव जगले ते प्रथम तिच्या हातांच्या कष्टानें, ही गोष्ट विसरतां कामा नये.

पुढील वर्षीं, १८४७ च्या वसंतांत, थिनबाईंनीं समुद्रांतील जिवंत वनस्पति चिकटलेले दगड किनाऱ्यावरून मागविले आणि ते प्रवाळांच्या सोबतीला ठेविले. वनस्पति प्रकाशांत प्राणवायु सोडतात, हें डच वैद्य इंगेनहाउस यानें १७७९ सालींच दाखविलें होतें. या वनस्पतींनीं पाण्याची हवा राखली. १८४९ सालींहि त्या भांड्यांत प्रवाळ-कुटुंब नांदत होतें. इतकेंच नव्हे, तर त्याची वंशवृद्धीहि झाली होती. आपलीं निरीक्षणें थिनबाईंनीं १८५९ सालीं एका शास्त्रीय मासिकांत प्रसिद्ध केलीं. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें गोड्या पाण्यांतील मासे, गोगलगाय आणि पाणवनस्पति यांचा परस्परावलंबी समतोल १८५० सालीं सिद्ध केला. परंतु खाऱ्या पाण्याच्या बाबतींत त्याच्याहि आधीं ही बाई तेथवर पोंचली होती.

असा उद्योग नेमका त्याच काळीं शक्य व्हावा याला बाह्य कारणेंहि होतीं. काचेवरील जबर कर इंग्लंडच्या सरकारनें १८४५ सालीं उठविल्यामुळें काच स्वस्त झाली. नथॅनिअल वॉर्ड या वैद्यानें बंद काचपेटींत नेचे वाढवून दाखविल्यामुळें काचेआड सृष्टि जगविण्याची कल्पना लोकांच्या परिचयाची झाली होती. परंतु यशाचें सर्वांत मोठें कारण त्या प्रवाळाच्या स्वभावांतच होतें, आणि तें थिनबाईंच्या काळीं कोणालाच ठाऊक नव्हतें.

पाषाणी प्रवाळांचे दोन संसार आहेत. उष्ण समुद्रांत खडक बांधणाऱ्या बहुतेक जातींच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवल राहतें. कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञानें १८८१ नंतर अशा शैवलाचें वर्णन करून त्याला नांव दिलें. हें शैवल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करितें आणि त्याचा मोठा वाटा आपल्या यजमानाला देतें. यजमान त्याला आसरा आणि आपल्या शरीरांतील टाकाऊ द्रव्यें देतो. दुसऱ्या संसारांत हा भाडेकरू नाहीं. तेथील प्रवाळ सर्वस्वी आपल्या हातांवर पोट भरतें. त्याला प्रकाश असला काय आणि नसला काय सारखेंच. टॉर्कीचें प्रवाळ या दुसऱ्या वर्गांतलें. दगडांच्या सांवलींत आणि खोल पाण्यांत तें राहतें, थंडी सोसतें. लंडनच्या धुरकट आकाशाखालीं, हिंवाळ्यांतल्या मिणमिणत्या उजेडांत तें जगलें तें यामुळें. थिनबाईंनीं त्याऐवजीं उष्ण समुद्रांतील एखादें सूर्यभक्त प्रवाळ आणिलें असतें, तर तें कांहीं आठवड्यांतच मेलें असतें, आणि हा सारा इतिहास निराळा झाला असता.

थिनबाईंचें कार्य घरापुरतें राहिलें. तें लोकांपुढें मांडण्याचें श्रेय फिलिप हेन्री गॉस याचें. हा गृहस्थ मोठा सृष्टिनिरीक्षक, उत्तम चित्रकार आणि अत्यंत धर्मनिष्ठ. १८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं जलजीवांचें पहिलें प्रदर्शन उघडलें, त्यांत गॉसनें जमविलेले समुद्रजीव होते. पुढल्या वर्षीं त्याचा 'द अक्वेरियम' हा सचित्र ग्रंथ निघाला आणि तें नांव रूढ झालें. साधें मीठ, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांचे क्षार योग्य प्रमाणांत मिसळून समुद्राचें पाणी घरींच बनविण्याची कृतीहि त्यानें दिली. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची अडचण त्यामुळें दूर झाली.

मग एकच लाट उसळली. दिवाणखान्यांतून काचपेट्या झळकूं लागल्या. सुटीच्या दिवसांत स्त्री-पुरुष टोपल्या, छिन्न्या आणि हातोडे घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरूं लागले. बहुतेकांना थिनबाईंचा धीर नव्हता. आणलेले जीव आठवड्या-दोन आठवड्यांत मरत, पाणी कुजे, पेटी माळ्यावर जाई, कांहीं जण पुन्हां किनाऱ्यावर जाऊन नवे जीव आणीत. १८६० नंतर ही हौस ओसरली, पण तोंवर व्हावयाचें तें नुकसान होऊन गेलें होतें. गॉसचा पुत्र एडमंड हा पुढें इंग्रजी साहित्यांत नांवाजला. आपल्या बालपणाची आणि वडिलांची हकीकत त्यानें १९०७ सालीं लिहिली, तींत त्यानें दुःखानें नमूद केलें आहे कीं, शतकानुशतकें अस्पर्श राहिलेलीं खडकांतील तळीं या झुंडींनीं ओरबाडून काढिलीं, आणि त्याला नकळत कारण झालीं तीं त्याच्या वडिलांचींच पुस्तकें. सृष्टीवर प्रेम करावयास शिकविणाऱ्या माणसाच्या हातून सृष्टीची लूट घडावी, हा या इतिहासांतील सर्वांत कटु प्रसंग होय.

प्रकाशाचें कोडें सुटण्यास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें. १९२८-२९ सालीं मॉरिस याँग या तरुण शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं एक मंडळी ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीवरील एका लहान बेटावर वर्षभर राहिली आणि जिवंत प्रवाळाचें खाणें, श्वसन व वाढ यांचा तिनें अभ्यास केला. शैवल हें मुख्यतः प्रवाळाच्या शरीरांतील मळ नेणारें आहे, असें याँगचें मत झालें. त्याच सुमारास पलाव बेटांतील जपानी संशोधनकेंद्रांत सिरो कावागुती यानें प्रकाश आणि प्रवाळ यांच्या संबंधाचे प्रयोग केले. १९५० नंतर किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्यानें शैवलानें केलेलें अन्न यजमानाच्या शरीरांत उतरतांना प्रत्यक्ष दाखवितां आलें, आणि याँगच्या मताला मुरड घालावी लागली.

परंतु याहूनहि चकित करणारा शोध पुढें लागला. शैवल बाळगणारीं प्रवाळें उथळ, झगझगीत पाण्यांतच राहतात, असा समज होता. पाण्यांत शिरतांना सूर्यप्रकाश गाळला जातो. तांबडा रंग पहिल्या कांहीं मीटरांतच नाहींसा होतो आणि निळा सर्वांत खोल उतरतो. स्वच्छ महासागरांतसुद्धां शंभर मीटर खोलीवर वरच्या प्रकाशाचा जेमतेम शंभरावा भाग उरतो. १९८० च्या दशकांत हान्स फ्रिके आणि त्यांचे सहकारी यांनीं लहान पाणबुडीनें तांबड्या समुद्रांत उतरून लेप्टोसेरिस या पातळ पत्र्यासारख्या प्रवाळाचा अभ्यास केला. तें ९५ ते १४५ मीटर खोलीवर शैवलासह सुखानें वाढत होतें. आंग आडवें पसरून तें मिळेल तेवढा प्रकाश झेलतें. म्हणजे पाषाणी प्रवाळांत भर उन्हांतला शेतकरी आहे, तसा दिव्याच्या वातीवर अभ्यास करणारा विद्यार्थीहि आहे.

या ज्ञानाचा फायदा घरगुती जलपात्रांना झाला. इंडोनेशियांतील जाकार्ता येथील ली चिन एंग यानें १९६१ सालीं आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्रांतून जीवांसह आणलेले जिवंत दगड, हवेचे हळुवार बुडबुडे आणि दिवसाचा उजेड, एवढेंच त्याचें साहित्य होतें. पुढें जर्मनींत, विशेषतः बर्लिनच्या हौशी मंडळींनीं, जिवंत दगडांना प्रखर दिवे आणि पाण्यांतील सेंद्रिय मळ फेंसावाटे काढणारें यंत्र यांची जोड दिली, आणि १९८० नंतर पाषाणी प्रवाळें घरांत वर्षानुवर्षें वाढूं लागलीं.

ज्या देशांत कायद्यानें हें करितां येतें तेथील जाणकारांचा अनुभव असा आहे कीं, अंधुक प्रकाशांतलीं प्रवाळें हौशी माणसाच्या उपेक्षेपेक्षां त्याच्या उत्साहानेंच अधिक मरतात. भर दुपारच्या उन्हाचा विसावा भाग, किंवा त्याहूनहि कमी, प्रकाश त्यांना पुरतो. दुकानांत मंद उजेडांत असलेलें प्रवाळ घरीं आणून एकदम प्रखर दिव्याखालीं ठेविलें तर त्यांतील शैवल निघून जातें, आंग पांढरें पडतें आणि मांस सांगाड्यावरून मागें हटूं लागतें. म्हणून तें तळाशीं, वाळूवर किंवा कपारीच्या सांवलींत ठेवावयाचें, आणि प्रकाश वाढवावयाचाच असेल तर तो कित्येक आठवड्यांत थोडथोडा. पाण्याचा प्रवाह मंद आणि फिरता हवा. एका बाजूनें सतत येणारा झोत मांसल प्रवाळाला त्याच्याच सांगाड्याच्या धारेवर फाडतो. उष्णता २४ ते २७ अंश सेल्सिअस, क्षार दर किलोग्रॅम पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम, आणि कॅल्शियम दर लिटरांत ४०० ते ४५० मिलिग्रॅम राखावें लागतें, कारण दगडी वाटी याच कॅल्शियमची बांधावयाची असते. पाणी आटतें तेव्हां मीठ मागें उरतें. म्हणून तूट भरून काढावयाची ती गोड्या, शुद्ध पाण्यानें. दोन प्रवाळांत अंतर ठेवावें लागतें, कारण रात्रीं कित्येक जाती लांब दंशकारी हात सोडून शेजाऱ्याला जाळतात.

ज्यांच्या अंगीं शैवलच नाहीं त्यांचें व्रत आणखी कठीण. सूर्यप्रवाळ म्हणून ओळखलें जाणारें केशरी रंगाचें ट्युबास्ट्रिया गुहांच्या छतांना लागून राहतें. नांवांत सूर्य असला तरी सूर्याशीं त्याचें देणें-घेणें नाहीं. त्याच्या वसाहतींतल्या प्रत्येक मुखाला आठवड्यांतून अनेकदां कोळंबीचा बारीक कण किंवा सूक्ष्म जलजीव स्वतंत्रपणें भरवावे लागतात. कारण एकाच्या जेवणानें दुसऱ्याचें पोट पुरेसें भरत नाहीं. आणि एवढें अन्न घालूनहि पाणी कुजूं द्यावयाचें नाहीं! घरांतील वीज गेली, यंत्रें थांबलीं, म्हणजे आजचा निष्णात माणूसहि भांडें घेऊन तेंच पाणी वरून पुन्हां पुन्हां ओतीत बसतो. १८४६ सालच्या त्या लहान मोलकरणीचें काम अद्याप संपलेलें नाहीं.

आतां ही दृष्टि कोंकणाकडे वळवावी. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं ज्याचें बांधकाम सुरू केलें त्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोंवतालच्या खडकांवर, मालवणच्या समुद्रांत, पाषाणी प्रवाळें आहेत. पावसाळ्यांत नद्या आणि ओढे मातीचे लोट आणून सोडतात. लाटा तळ ढवळतात. पाणी गढूळ होतें आणि थोड्याशा खोलीवरहि अंधार पसरतो. लक्षद्वीपच्या निळ्या पाण्याशीं तुलना केली तर येथील जीवन खडतर. म्हणूनच पोराइट्स, फेव्हाइट्स, टर्बिनेरिया यांच्यासारख्या गाळ आणि अंधुक प्रकाश सोसणाऱ्या चिवट जातीच येथें टिकल्या. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर भर समुद्रांत एक बुडालेलें प्रवाळ-पठार आहे. त्याचा माथा सुमारें २० मीटर पाण्याखालीं. त्याची लांबी सुमारें ४० किलोमीटर आणि रुंदी १५ किलोमीटर. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नांवावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. ज्या सागरी पराक्रमाच्या कथा मराठी मुलें शाळेंत वाचतात, त्याच्याच नांवाखालीं हा जिवंत दगडांचा मुलूख पसरलेला आहे, हें त्यांना सहसा सांगितलें जात नाहीं.

या ठेव्यासाठीं कायदा झाला आहे. मालवणच्या समुद्रांतील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं सर्व पाषाणी प्रवाळें घालण्यांत आलीं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें मालवणचें वाटीएवढें प्रवाळ आणि वाघ एकाच पंक्तीला बसले. तें तोडणें, विकणें अथवा बाळगणें हा अपराध असून त्याला तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. हा निर्बंध कठोर वाटतो; परंतु त्याच्यामागें अनुभव आहे. मन्नारच्या आखातांत चुन्यासाठीं प्रवाळाचे खडकच्या खडक खणून नेले जात. शोभेच्या तुकड्यांचा बाजार देशभर चाले. डेव्हनच्या तळ्यांना असें कवच मिळालें नाहीं, आणि त्यांचें काय झालें तें वर आलेंच आहे.

तथापि कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला असें नाहीं. मालवणच्या मच्छीमारांनीं अभयारण्याला विरोध केला, आणि तो समजण्यासारखा होता. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटली, तें पाणी एका कागदानें परकें होईल, अशी त्यांना भीति वाटली. प्रवाळांच्या खबदाडींत माशांचीं पिलें वाढतात, तेव्हां प्रवाळाचें हित आणि कोळ्याचें हित खोलांत जाऊन पाहतां एकच आहे; पण हें त्यांना विश्वासांत घेऊन सांगावयास हवें, दरडावून नव्हे. पुढें पर्यटक आले. पाण्यांत बुडी मारून प्रवाळें पाहण्याचा उद्योग मालवणांत वाढला, आणि त्यावर कित्येक घरें जगूं लागलीं. मात्र खडकावर टाकलेला एक नांगर, किंवा आधारासाठीं टेकविलेला एक पाय, वर्षाला कांहीं मिलिमीटर वाढणाऱ्या प्रवाळाची कित्येक दशकांची कमाई क्षणांत मोडतो.

याहूनहि मोठें संकट समुद्राच्या तापाचें आहे. नेहमींच्या उन्हाळ्यापेक्षां पाणी एखाद्याच अंशानें अधिक तापलें आणि तें कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर प्रवाळ आपल्या शैवलाला बाहेर घालवितें, पांढरें पडतें, आणि वेळेवर गारवा न आला तर उपाशी मरतें. १९९८, २०१० आणि २०१६ या सालीं लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हें संकट कोसळलें. मालवणच्या समुद्रांतहि प्रवाळें पांढरीं पडल्याचें संशोधकांनीं नोंदविलें. जलपात्रांत पाणी तापलें तर दिवा विझवितां येतो, बर्फाची पिशवी सोडतां येते. अरबी समुद्रासाठीं असा उपाय कोणाच्या हातीं नाहीं. तेथें कोळसा आणि तेल जाळण्याला आवर घालणें हीच निगा. या बाबतींत घाटावरच्या गांवालाहि समुद्र आपल्यापासून दूर आहे असें म्हणतां येत नाहीं. इस्लामपूरच्या परिसराचें पाणी कृष्णेवाटे पूर्वेच्या समुद्राला मिळतें; पण तेथील चिमणीचा धूर कोणत्या समुद्राला तापविणार, अशी वांटणी करितां येत नाहीं.

थिनबाईंच्या काचपात्रानें जगाला दोन धडे दिले. प्रवाळासारखा जीव माणसाच्या घरांत जगूं शकतो, हा पहिला. पण तो जगतो तो रोजच्या, कंटाळा न करणाऱ्या सेवेनें, हा दुसरा. गॉसच्या वाचकांनीं पहिला धडा तेवढा घेतला आणि किनारे उजाड केले. महाराष्ट्रांतील कुटुंबाला प्रवाळ घरीं आणावयाचें नाहीं. तें मालवणांत आणि आंग्रिया बँकेवर आपल्या जागीं आहेच. तेव्हां त्याच्या वांट्याला आला आहे तो दुसराच धडा. मालवणला गेलेल्या मंडळींनीं पाण्यांत पाहावें, हात लावूं नये. किनाऱ्यावर कोणी पांढरा नक्षीदार दगड विकावयास आणला तर तो घेऊं नये. आणि नाव खडकावर नांगरणाऱ्या नावाड्याला नम्रपणें पण स्पष्ट सांगावें. एवढें केलें तरी प्रवाळाच्या संसाराला या पिढीचा हातभार लागेल.